कमोडोर ६४ च्या तीन आवाजांत भूप बसवता येईल का?

तारसप्तक
नमस्कार मंडळी,

सध्या मुक्काम जर्मनीत, ब्राउनश्वाइगला. या गावात एकेकाळी कमोडोरचा कारखाना होता. त्यामुळे इथल्या जुन्या बाजारात कमोडोर ६४ आजही नजरेला पडतो. मीही एक घेतला आणि त्यावर चिपट्यून, म्हणजे जुन्या संगणकाच्या आवाजाच्या चिपवरचं संगीत, रचायचा नाद लागला. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९८२ च्या या संगणकात 'सिड' नावाची आवाजाची चिप आहे. तिच्यात फक्त तीन आवाज. प्रत्येकाला त्रिकोणी, करवती, पल्स किंवा नॉइज यांपैकी एक लहर निवडायची, आणि स्वर कसा उठावा, किती टिकावा, कसा विरावा हे ठरवायचं. शिवाय तिघांत मिळून एक फिल्टर. बस्स. एवढ्या सामग्रीतून लोकांनी जे संगीत केलंय ते ऐकून मी अक्षरशः थक्क झाले.

आतापर्यंत मी पाश्चात्त्य ढंगाच्या छोट्या धून केल्या. आता भूप बसवायचा आहे. पाचच स्वर, रागही मनाच्या जवळचा. प्रश्न तीन: तीन आवाज पुरतील का? मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) आणि शुद्ध गांधार नीट लागेल, की सगळं पेटीसारखं ठोकळेबाज होईल? आणि खऱ्या यंत्रावर काम करावं की इम्युलेटरवर (यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर)? अनुभवी लोकांनी मोकळेपणाने सांगा.

सासवडची_सई
विषयच भन्नाट! वाचनखूण साठवली आहे. पुढचे प्रतिसाद येऊ द्या.

पोकपंडित
ताई, आधी जिवावरचं सांगतो, संगीत नंतर. यंत्राबरोबर मूळचा काळा जड पॉवर सप्लाय आला असेल तर तो लावू नका. त्याच्या आतला पाच व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारपणी बिघडला की जास्त व्होल्टेज सोडतो, आणि मग मेमरी चिप व सिड दोन्ही जाऊ शकतात. आतलं सगळं राळेत ओतून बंद केलेलं असतं, त्यामुळे दुरुस्तीही अवघड. नवा सप्लाय घ्या. सिड आता कुठल्याच कारखान्यात बनत नाही.

आता प्रश्नाकडे. कमोडोर ६४ च्या बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आवाजासाठी एकही आज्ञा नव्हती. सगळं 'पोक' करून आकडा थेट चिपच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडे ठेवायच्या कप्प्यात, टाकायचा. गैरसोयच होती, पण तुमच्या कामासाठी तीच वरदान आहे. कारण चिपला 'सा रे ग' किंवा 'सी डी ई' काहीच माहीत नाही, तिला फक्त सोळा बिटांचा एक आकडा कळतो. युरोपातल्या पॅल (तिथली टीव्हीची पद्धत) यंत्रावर एका पायरीने कंप्रता सुमारे ०.०५९ हर्ट्झने बदलते. म्हणजे मधल्या सप्तकात तुमच्या कानाला जाणवेल त्याहून बारीक पायऱ्या तुमच्या हातात आहेत.

हिशेबच करून दाखवतो. षड्ज २४० हर्ट्झ धरा. रजिस्टरमध्ये ४०८७. पंचम ३६० हर्ट्झ, म्हणजे ६१३०. आता गांधार. पियानोच्या बारा समान तुकड्यांतला गांधार ३०२.४ हर्ट्झला येतो, त्याचा आकडा ५१४९. तंबोऱ्यातून ऐकू येणारा गांधार मात्र ३०० हर्ट्झ, त्याचा आकडा ५१०९. चाळीस पायऱ्यांचा फरक! ट्रॅकर, म्हणजे ओळीओळीने स्वर लिहून संगीत रचायचा प्रोग्रॅम, आपल्या तक्त्यातून ५१४९ उचलतो म्हणून गांधार चढा लागतो. त्यात चिपचा दोष नाही. तक्ता बदला, गांधार जागेवर येईल.

दोन्ही ऐकायचे असतील तर:
पोक ५४२९६,१५ (आवाज पूर्ण)
पोक ५४२७८,२४० (स्वर टिकून राहावा म्हणून)
पोक ५४२७२,२४५ : पोक ५४२७३,१९ (५१०९ चे दोन तुकडे)
पोक ५४२७६,१७ (त्रिकोणी लहर, सुरू)
मग ५४२७२ मध्ये २४५ च्या जागी २९ आणि ५४२७३ मध्ये १९ च्या जागी २० टाका. हा झाला ५१४९. शेजारी तंबोरा लावून ऐका, सांगायची गरज उरणार नाही.

अरसिक_अभियंता
माहिती उत्तम आहे, पण मला एक कळत नाही. लॅपटॉपवर फर्नेससारखे मोफत ट्रॅकर आहेत, ते एकाच पडद्यावर डझनावारी जुन्या चिपांची नक्कल करतात. चाळीस वर्षांचं यंत्र, त्याची मरणपंथाला लागलेली चिप, नवा सप्लाय, हा सगळा खटाटोप कशासाठी? शेवटी ऐकणारा फोनवरच ऐकणार. इम्युलेटर वापरा आणि वेळ रियाजाला द्या.

आणि तीन आवाजांत अडकायचं तरी का? दुसरी सिड जोडून सहा आवाज करणारे लोक आहेत.

यमनी
+१. अभियंत्यांशी सहमत. पण माझा आक्षेप त्याहून मूलभूत आहे. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच, सा रे ग प ध. भूपात गांधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, देसकारात धैवत. फरक सगळा लगावाचा, न्यासाचा, म्हणजे स्वर कसा लावायचा आणि कुठे थांबायचं याचा. तो माणसाच्या गळ्यातून येतो. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती ती का? ठरावीक पट्ट्यांत आपला स्वर मावत नाही म्हणूनच ना? पेटीला जे जमलं नाही ते या पुंगीला कसं जमणार?

पोकपंडित
यमनी, पेटीचा दाखला इथे लागू होत नाही. पेटीचा स्वर कारखान्यात पितळी पट्टीवर घासून कायमचा ठरतो, वाजवणाऱ्याला तो हलवता येत नाही. सिडचा स्वर सेकंदाला पन्नास वेळा, म्हणजे पडद्याच्या प्रत्येक फ्रेमला, तुम्ही हलवू शकता. मनात आणलं तर त्याहूनही जास्त वेळा. ठरावीक स्वरांचं बंधन ट्रॅकरच्या तक्त्याने घातलंय, आणि तक्ता आपल्या हातात आहे.

ही चिप आखणारा बॉब यानेस हा मुळात सिंथेसायझरवाला माणूस. पुढे एन्सोनिक ही वाद्यांची कंपनी उभारण्यातही तो होता. खेळातल्या टुकटुक आवाजांसाठी कुणी रिंग मॉड्युलेशन (दोन आवाज एकमेकांत गुंफणं) आणि लो, बँड, हाय असा तिहेरी फिल्टर देत नाही. त्याने संगीताचं वाद्य म्हणूनच ती केली.

झेडएक्स_नाना
लेस्टरहून राम राम. मी स्पेक्ट्रम या त्याच काळातल्या दुसऱ्या संगणकाचा चाहता, त्यामुळे कमोडोरचं एवढं कौतुक ऐकून गप्प बसवेना :)

आमच्या ४८के स्पेक्ट्रममध्ये चिप वगैरे नव्हतीच. एक बिट आणि एक छोटा स्पीकर. बिट चालू-बंद करायचा, तोच आवाज. बीप वाजत असताना संगणक दुसरं काहीही करू शकत नसे. पण एक गोष्ट मंडळींना आवडेल. 'बीप' आज्ञेत दोन आकडे द्यायचे, किती सेकंद आणि मध्य 'सी'पासून किती अर्धस्वर वर. हा दुसरा आकडा अपूर्णांकही चालतो! स्पेक्ट्रमबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत तर चक्क भारतीय संगीताचा उल्लेख होता, की त्यात अर्धस्वराहून लहान अंतरं असतात आणि ती या आज्ञेने सहज वाजवता येतात. केंब्रिजच्या कंपनीने १९८२ साली हे लिहिलं, आणि मी ते वाचून उडालोच.

तेव्हा आमच्या भूपाचं गणित असं: षड्ज ०, रिषभ २.०४, गांधार ३.८६, पंचम ७.०२, धैवत ८.८४. करून पाहा, 'बीप १,३.८६'. एक बिट आहे, पण गांधार सच्चा लागतो.

पुढे १२८के मॉडेलमध्ये एवाय चिप आली, तिचे तीन आवाज. तिथे मात्र उलटं झालं. त्या चिपला कंप्रता सांगायची नाही, लहरीची लांबी सांगायची. खालच्या सप्तकात ठीक, पण १७६० हर्ट्झच्या आसपास दोन शेजारच्या पायऱ्यांत सुमारे २८ हर्ट्झचं अंतर पडतं. तारसप्तकात मींड म्हणजे जिना उतरल्यासारखी. तारसप्तक ताई, तुमच्या नावाला ती चिप मुळीच शोभणार नाही!

सातवी_ब
नाना, तुमच्या प्रतिसादाने शाळेत नेऊन सोडलं. १९८४ मध्ये सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला होता, त्यात बीबीसी मायक्रो आले. आमच्या शाळेतही ते होते. चपला बाहेर काढून आत जायचं, खोलीत वातानुकूलन, आणि एका संगणकावर चौघं जण. आमचे विज्ञानाचे सर तास संपताना पाच मिनिटं 'साऊंड' आज्ञेला द्यायचे. तेवढ्या पाच मिनिटांसाठी आम्ही आठवडा काढायचो.

त्यात स्वराचा आकडा पाव अर्धस्वराचा होता, म्हणजे सप्तकाचे ४८ भाग. बावीस श्रुतींपेक्षा दुपटीहून जास्त! तेव्हा कुणाला वाटलं असतं की आता सगळं बसणार. पण नानांच्या आकड्यांनी तपासलं तर षड्जापासून गांधार १५ आणि १६ च्या मधोमध येतो. १५ घेतला तर उतरा, १६ घेतला तर चढा. शिवाय त्या चिपचा सर्वांत खालचा स्वर सुमारे १२२ हर्ट्झ, म्हणजे खर्ज जवळजवळ नाहीच. एन्व्हलप आज्ञेला मात्र चौदा आकडे द्यायचे आणि त्यांतले काही स्वर हलवण्यासाठी होते. त्यातून थोडी मींड निघते.

अवांतर: त्या खोलीतल्या कोणाची इथे गाठ पडली तर फार आनंद होईल.

मिरजकर_तंबोरा
मला संगणकातलं काही कळत नाही. मिरजेत तंबोऱ्याच्या कामात आयुष्य गेलं. पण ताईंचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

तुम्ही गांधाराचा आकडा काढताय ते चांगलंच आहे. पण तंबोरा म्हणजे नुसता सा आणि प नव्हे. घोडीचा माथा आम्ही किंचित उतरता घासतो आणि तारेखाली दोरा सरकवतो. तार छेडली की ती घोडीला घासत, टेकत, सुटत राहते. त्यामुळे एकाच तारेतून एकामागून एक वरचे स्वर उमलत जातात. ही जवारी. दोरा केसभर सरकला तरी आवाज बंद होतो नाहीतर फुटतो. खर्जाच्या तारेतून गांधार स्वतःहून बोलला पाहिजे, तेव्हा गाणाऱ्याला तो शोधावा लागत नाही. तुमच्या यंत्रात आवाज असा आतून हलवता येतो का? येत नसेल तर आकडे बरोबर असूनही मैफल सुनी राहील.

तारसप्तक
मिरजकर काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आवाज आतून हलवता येतो! पल्स लहरीची रुंदी हा वेगळा आकडा आहे, ० ते ४०९५. मधोमध २०४८ ला लहरीचे दोन्ही भाग समान असतात आणि सम क्रमांकाचे उपस्वर नाहीसे होतात. तिथून रुंदी सरकत गेली की ते उपस्वर हळूहळू परत येतात. मी तो आकडा प्रत्येक फ्रेमला थोडा थोडा सरकवला. तुमच्या जवारीची सर नाही, पण स्वर उमलतो हे नक्की.

अडचण दुसरीच आहे. एका आवाजात एका वेळी एकच तार. पंचम छेडला की आधीच्या खर्जाचा झंकार तुटतो. चारही तारा एकमेकींत मिसळायला हव्यात, तसं होत नाही.

पोकपंडित
ताई, तिथे चिपट्यूनची नेहमीची युक्ती चालणार नाही हेही सांगून टाकतो. पाश्चात्त्य रचनांत एका आवाजात तीन स्वर दर फ्रेमला आळीपाळीने वाजवून कॉर्डचा भास करतात, ती थरथर हीच या संगीताची ओळख. तंबोऱ्याला ती लावली तर शांतता पार जाते. त्यापेक्षा तारा छेडूच नका. मंद्र षड्ज अखंड धरा, फक्त रुंदी सावकाश फिरवा, आणि समेच्या आधी एकदाच पंचमाला स्पर्श करा.

मींडेबद्दल आणखी एक. गोटट्रॅकर वापरत असाल तर साधा पोर्टामेंटो (स्वर सरकवायची आज्ञा) दर फ्रेमला ठरावीक आकडा मिळवतो. म्हणून तीच मींड मंद्रात धावते आणि तारात रेंगाळते. त्याच्या स्पीडटेबलमध्ये डावा आकडा १२८ किंवा जास्त ठेवला की वेग स्वराप्रमाणे मोजला जातो. मग ग ते प ही मींड सगळ्या सप्तकांत सारखीच लागते. आणि मींडेत नवा स्वर 'उचलायचा' नाही, गेट (स्वर सुरू-बंद करणारा बिट) बंद करायचा नाही, नाहीतर दर स्वराला टिचकी ऐकू येते.

यमनी यांचा देसकारचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. गांधारावर किती थांबायचं, धैवतावरून किती लवकर खाली यायचं, हे ट्रॅकर सुचवणार नाही. ते रचणाऱ्यालाच कळलं पाहिजे. पण मग ते माणसाकडूनच आलं, नाही का?

यमनी
हे मान्य. रचणारी गाणारी असेल तर मला ऐकायला नक्की आवडेल. 'पुंगी' हा शब्द मागे घेते.

घुमक
उशिरा आलो. सगळे सुरांत रमलेत, तबल्याचं कुणी नावच काढेना!

बायाँ सोपा. त्रिकोणी लहर, खालचा स्वर, आघातानंतर स्वर किंचित वर चढवत न्यायचा. मनगटाच्या दाबाने जे होतं तेच. आघाताला एक फ्रेम नॉइज.

दायाँ कठीण. इथे लोक रिंग मॉड्युलेशन लावतात आणि घंटा वाजते, तबला नाही. कारण सरळ आहे. रिंगमध्ये दोन कंप्रतांची बेरीज आणि वजाबाकी ऐकू येते. दोघींचं प्रमाण वेडंवाकडं असेल तर उपस्वर विसंवादी होतात. तबल्याची गोष्ट नेमकी उलटी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिलं की शाईमुळे तबला-मृदंगाचे उपस्वर पूर्ण पटीत, म्हणजे सुरेल येतात. साध्या ढोलाचे तसे येत नाहीत. म्हणून रिंग लावायचीच तर प्रमाण एकास दोन, एकास तीन असं सरळ ठेवा.

आता गंमत बघा. सिडमध्ये तिसऱ्या आवाजाला रिंग लावली की ती दुसऱ्या आवाजाशीच होते, दुसरा पर्याय नाही. तेव्हा पहिल्यात गाणं, दुसऱ्यात तंबोरा, तिसऱ्यात तबला अशी बैठक मांडा. दायाँ आपोआप तंबोऱ्याच्या षड्जाशी बांधला जाईल. पोकपंडित म्हणतात तसा तंबोरा षड्जावर स्थिर असेल तर 'ना' दर वेळी सुरेल. पंचमाच्या क्षणी तेवढा रंग बदलेल, तिथे बोल टाळा किंवा बायाँ ठेवा.

अरसिक_अभियंता
घुमक, हे वाचून मत थोडं बदललं. सहा आवाजांची सूचना मागे. तबल्याला तंबोऱ्याशी बांधून घालणारी ही अट असेल, तर तीनच बरे. इम्युलेटरबद्दल मात्र अजून ठाम आहे.

झेडएक्स_नाना
अभियंतेसाहेब, मी स्पेक्ट्रमवाला असूनही इथे कमोडोरची बाजू घेतो. जुन्या ६५८१ सिडचा फिल्टर चिपागणिक वेगळा वाजतो. एकीत गोड लागणारी जागा दुसरीत दबते. नंतरची ८५८० बरीच एकसारखी. मी दोन यंत्रं शेजारी ठेवून ऐकलंय, फरक स्पष्ट आहे. इम्युलेटर यांतली एखादी चिप नमुना म्हणून घेतो. ताईंच्या यंत्रातली चिप मात्र ताईंचीच.

रॉब हबर्ड, मार्टिन गॉलवे या सिडच्या संगीतकारांनी ऐंशीच्या दशकात वाजवणारे प्रोग्रॅमही स्वतःच मशीन कोडमध्ये लिहिले, कारण तयार काही नव्हतं. जर्मनीत ख्रिस ह्युल्सबेकचा साऊंडमॉनिटर हा संगीत रचायचा प्रोग्रॅम १९८६ मध्ये मासिकात छापून आला तेव्हा वाचकांनी तो ओळीओळीने टंकून घेतला. आता पन्नास हजारांहून जास्त सिड रचना एका संग्रहात मोफत ऐकायला मिळतात. माझ्या पाहण्यात तरी त्यात रागाच्या अंगाने गेलेली रचना आलेली नाही. म्हणून या धाग्याची एवढी उत्सुकता.

पोकपंडित
मध्यम मार्ग सांगतो, मी स्वतः तोच धरतो. रचना लॅपटॉपवर गोटट्रॅकरमध्ये करायची, कारण कॉपी-पेस्ट आणि जतन करणं सुटसुटीत पडतं. रोज शेवटी फाईल खऱ्या यंत्रावर चढवून ऐकायची. फिल्टरचे आकडे मात्र यंत्रासमोर बसूनच ठरवायचे. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही.

मिरजकर_तंबोरा
ताई, रुंदी फिरवताना वेग एकसारखा ठेवू नका. तार छेडल्यावर आधी झपकन उमलते, मग सावकाश मिटत जाते. तसं करून पाहा.

तारसप्तक
केलं काका! सुरुवातीला मोठी पावलं, मग लहान. आता दर आवर्तनाला तंबोरा श्वास घेतो. नवरा स्वयंपाकघरातून विचारत आला की तंबोरा कुणी लावला.

गांधाराचा तक्ता बदलला. रिषभ २७० हर्ट्झला, म्हणजे ४५९८. धैवत ४०० हर्ट्झ, ६८११. ग ते प मींड बारा फ्रेमची ठेवली आहे. गांधारावर परतताना आवाज फिल्टरने किंचित झाकते, त्याने न्यास ठसतो. देसकाराची छाया अजून दोन ठिकाणी येते, दोन्हीकडे धैवतावर गरजेपेक्षा जास्त थांबले आहे. ते सुधारते.

शेवटचा प्रश्न लयीचा. मात्रा किती फ्रेमची धरू? पंचवीस धरली तर १२० ची लय सरळ मिळते.

घुमक
पंचवीस नको, चोवीस! पंचविसाला ना दोनाने भाग जातो ना तिनाने, दुगुनीलाच अडकाल. चोवीस फ्रेमची मात्रा म्हणजे मिनिटाला १२५. टेंपो, म्हणजे ट्रॅकरच्या एका ओळीच्या फ्रेम, ६ ठेवला की मात्रेला चार ओळी, तीनतालाच्या सोळा मात्रांना ६४ ओळी. एक आवर्तन, एक पॅटर्न. तिगुन हवी तिथे टेंपो ४ करा, मात्रेला सहा ओळी मिळतील, आणि समेवर परत ६. रूपक घ्यायचा झाला तर २८ ओळींचा पॅटर्न.

आणि हो, तिहाईची जागा मोकळी सोडा. तबल्याचा आवाज मी भरून देतो, फाईल पाठवा.

यमनी
आधी नुसता आलाप टाका, तबल्याशिवाय. गांधार ऐकायचा आहे.